सेहेचाळिसावी खाच

१

घड्याळजींनी दुकान बंद केलं त्याला दोन वर्षं झाली होती, पण दुकान काही त्यांच्यातून गेलं नव्हतं. सकाळी दहाच्या ठोक्याला ते आंघोळ-नाश्ता आटोपून, शर्टाच्या खिशात भिंग आणि चिमटा अडकवून बाहेरच्या खोलीत येत आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसत. टेबलावर घड्याळ एकही नसे. बारीक कामाला डोळे दगा देऊ लागले तेव्हा बाकीची हत्यारं त्यांनी शेजारच्या कारागिराला देऊन टाकली होती. तरी दहा म्हणजे दहा, आणि एक वाजेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

"हजेरी कोण घेतंय हो तुमची?" बाई विचारायच्या.

बाई म्हणजे त्यांची बायको. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि लाडात आले की घड्याळजीही तेच म्हणायचे. दोघांचं बरं चाललं होतं. बाईंचे गुडघे आणि घड्याळजींचे डोळे सोडले तर तक्रारीला जागा नव्हती, आणि त्या दोन्हींवर दिवसातून एकदा तरी विनोद होत असे.

रिकाम्या टेबलावर मग कॉम्प्युटर आला. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना बाबांना पाठवला, बुद्धिबळ खेळायला. घड्याळजी खेळले, रोज हरले, आणि एका रविवारी फोनवर कुरकुरले की हे मशीन फार विचार करत बसतं.

"त्याला पळवता येतं, बाबा," लेक म्हणाली. "त्याचा जो ठरलेला वेग आहे ना, त्याच्याहून जास्त. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. हौशी लोक घरीच करतात."

घड्याळजी खुर्चीत ताठ झाले. चाळीस वर्षं पुढे पळणारी घड्याळं त्यांनी कान धरून वेळेवर आणली होती. एखादी गोष्ट मुद्दाम पुढे पळवायची, आणि त्याबद्दल कोणी रागावणार नाही, हा विचारच त्यांना पोरकट आनंद देऊन गेला. पायाच्या अंगठ्यावर लोंबकळणारी चप्पल झुलू लागली. खूश झाले की ती झुलायची. बाई म्हणायच्या, कुत्र्याला शेपटी असते, आमच्याकडे चप्पल आहे.

लेकीने सगळं समजावून सांगितलं. मशीन सुरू होताना एक बटण दाबून ठेवायचं, म्हणजे सेटिंगचा पडदा येतो. तिथे एक आकडा असतो, चाळीस. तो एकेक करून वाढवायचा. दर वेळी एक चाचणी लावायची: मशीन एकच भलंमोठं गणित पुन्हापुन्हा सोडवतं आणि उत्तर ताडून पाहतं. उत्तर चुकलं, किंवा मशीनच मान टाकून पडलं, तर समजायचं की झेपत नाहीये. मग व्होल्टेज जरासं वाढवायचं, नाही तर एक पायरी खाली यायचं.

"म्हणजे आमचंच काम की," घड्याळजी म्हणाले. आकड्याला त्यांनी लगेच आपलं नाव दिलं, खाच.

कपाटातून त्यांनी दुकानातली एक कोरी वही काढली. दुकानातल्या वह्यांना एक शिस्त होती. प्रत्येक घड्याळाला एक पान, आणि पहिली ओळ ठरलेली: 'आलं तसं'. घड्याळ उघडण्याआधी ते कसं आलं, किती पुढे, किती मागे, काय आवाज, ते लिहायचं. कारण दुरुस्तीच्या भानगडीत काही बिघडलं तर परत जायला एक जागा हवी. ही ओळ लिहिल्याशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत एकाही घड्याळाचं झाकण काढलं नव्हतं.

या वेळी मात्र 'आलं तसं' एवढं लिहून पुढची जागा त्यांनी कोरी ठेवली. घरचंच तर काम होतं, आणि हात शिवशिवत होते.

२

एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. दिवसाला एक खाच. दहाला चाचणी लावायची, पंख्याची घरघर ऐकत बसायचं, गणिताची एकेक फेरी पूर्ण झाली की पडद्यावर वेळेसकट एक ओळ उमटायची. पहिल्या दिवशी फेरीला चोवीस मिनिटं लागली. घड्याळजी खिशातलं घड्याळ हातात धरून ती मोजत होते, जसं काही मशीनवर त्यांचा विश्वासच नव्हता.

"पोळतंय का तुमचं बाळ?" बाई पेटीवर हात ठेवून विचारायच्या.

"अंग कोमट आहे. ताप नाही."

सेहेचाळीसला मशीनने पहिल्यांदा मान टाकली. पडदा निळा झाला आणि सगळं गप्प. पुन्हा सुरू केलं, सहा मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं चाललं आणि उत्तर चुकलं. घड्याळजींनी लेकीला फोन लावला.

"अस्थिर झालेल्या मशीनचं काही खरं नसतं, बाबा. कधी पाच मिनिटांत पडेल, कधी पाच तासांनी. चूकही दर वेळी वेगळी. व्होल्टेज एक टिचकी वाढवा आणि पाहा."

एक टिचकी वाढवली. मशीन चालू लागलं. पंख्याचा आवाज थोडा बदलला होता, आधीपेक्षा बारीक आणि एकसुरी. पहिली फेरी बावीस मिनिटांत निघाली. वहीत 'सेहेचाळीस, ठीक' असं लिहून घड्याळजी मागे रेलले, आणि चप्पल झुलू लागली.

साडेअकराची वेळ. गच्चीवर कपडे वाळत घालून बाई खाली आल्या. एका हातात रिकामी बादली, दातात कपड्यांचा चिमटा. दारात उभ्या राहून त्यांनी चिमटा काढला, ओला हात कमरेला पुसला आणि म्हणाल्या, "वरच्या दोरीवर कबुतर बसलंय. हाकललं तरी हलत नाही."

"बसू दे," घड्याळजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "चिमटे कमी पडत होतेच."

बाई हसल्या. साध्याशा विनोदाला एवढं हसू येण्याचं कारण नव्हतं, पण ऊन छान होतं, बादली रिकामी होती, गुडघा त्या दिवशी बोलत नव्हता. घड्याळजीही हसले. पुढे पुष्कळ दिवसांनी त्यांना वाटलं की त्या महिन्यातला, कदाचित त्या वर्षातलाही, तो सगळ्यात सुखाचा क्षण असावा.

मग बाईंनी मान तिरकी केली. "स्वयंपाकघरात कोणी बोलतंय का हो?"

"कोणी नाही. मशीनचा पंखा आहे तो."

"नाही हो. दोन माणसं. हळू बोलतायत."

त्यांचा चेहरा पार उतरला होता. छातीवर हात ठेवून त्या तिथेच भिंतीला टेकल्या. मग घड्याळजी उठले आणि चपला फटफटवत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत कोणी नव्हतं. मागचं दार आतून बंद. ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले होते, ते बाईंनीच ठेवले असणार.

"उंदीरसुद्धा नाही," त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं.

३

घड्याळजी परत खुर्चीत येऊन बसले आणि बाई भाजी चिरायला स्वयंपाकघरात गेल्या. गणिताची पुढची फेरी संपली, पडद्यावर ओळ उमटली, आणि बाई दारात उभ्या होत्या. दातात चिमटा. तो काढून, हात कमरेला पुसून त्या म्हणाल्या, "वरच्या दोरीवर कबुतर बसलंय. हाकललं तरी हलत नाही."

"झालं की सांगून," घड्याळजी हसत म्हणाले.

बाई वळल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने घड्याळजी पाणी प्यायला आत गेले, तर त्या पाटावर मन लावून भाजी चिरत होत्या.

"कबुतराची एवढी काळजी कशाला?"

"कोण काळजी करतंय? एकदा सांगितलं आणि विसरले."

"दोनदा सांगितलंस."

"काहीतरीच काय," बाई म्हणाल्या. "मी इथून हललेच नाहीये."

घड्याळजींनी भरलेला पेला न पिताच ओट्यावर ठेवला. हे असं कुठे जातं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाईंची थोरली बहीण, ताई, शेवटची चार वर्षं याच घरात होती. तिचंही असंच सुरू झालं होतं. दिवा मालवला का, एवढंच विचारायची, तासात सहा वेळा. मग घर विसरली, मग माणसं. शेवटी ज्या बहिणीने तिला उठवलं-बसवलं, भरवलं, तिलाच एके सकाळी हात जोडून म्हणाली, "तुम्ही फार करता हो माझं. तुम्ही कोण?" बाई त्या दिवशी रडल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "माझं असं झालं तर मला सांगाल ना? लपवू नका."

घड्याळजींनी तेव्हा वचन दिलं होतं. आता मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप बसलं. एकदा झालं म्हणजे काय झालं, त्यांनी स्वतःला समजावलं. दोष तीनदा दिसल्याशिवाय दोष मानायचा नाही, हा दुकानाचा नियम होता.

त्या दिवशी तो आणखी दोनदा दिसला.

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्तेचाळीस लावले. कशासाठी, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. हाताला सवय लागली होती आणि डोक्याला दुसरं काहीतरी हवं होतं. चाचणी निर्मळ चालली. वहीच्या उजव्या कडेला मात्र ते बारीक टिंबं काढू लागले. बाई दारात आल्या, बोलल्या, की एक टिंब आणि वेळ.

दुपारपर्यंत पाच टिंबं झाली. आता बाई नुसत्या बोलून जात नव्हत्या. बोलून झाल्यावर क्षणभर थांबायच्या, आणि मग हसायच्या. घड्याळजी एक अक्षर बोललेले नसायचे.

जेवणं झाल्यावर बाई पडल्या, आणि ते वही घेऊन बसले. काहीतरी खटकत होतं. ताई तीच गोष्ट पुन्हा सांगायची खरी, पण दर वेळी वेगळी. कधी चिडून, कधी लाडाने, शब्द इकडचे तिकडे करून. विसरलेलं माणूस पुन्हा नव्याने सांगतं. बाईंचं तसं नव्हतं. चिमटा तोच, हात पुसणं तेच, 'तरी'वरचा झोकही तोच. आणि भाजी चिरताना दातात चिमटा येतो कुठून?

दर वेळी वेगळी चूक म्हणजे घड्याळात धूळ, तेल, हवा, काहीही असू शकतं. पण चाकाचा एक दात तुटला की घड्याळ दर फेरीला नेमकं त्याच जागी अडखळतं. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

फेरीला. घड्याळजींनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. गणिताच्या फेऱ्यांच्या वेळा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या, एकवीस-एकवीस मिनिटांच्या अंतराने. वहीतली टिंबंही एकवीस मिनिटांच्या अंतराने होती. काल सेहेचाळीसच्या खाचेला बाई बावीस-बावीस मिनिटांनी येत होत्या, हेही त्यांना आठवलं. मिनिटाला मिनिट जुळत होतं.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, इतका की डोळ्यांत पाणी आलं. बाईंना काही झालेलं नव्हतं. दात मशीनचा तुटला होता. असं कसं होईल, हे विचारायला त्यांच्यातला शहाणा माणूस पुढे सरसावला, पण घड्याळजींनी त्याला दुकानातल्या घाईच्या गिऱ्हाइकासारखं बाकावर बसवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आकडा पंचेचाळीसवर आणला. दहा ते एक, एकही टिंब नाही. बाई गच्चीवर गेल्या, आल्या, आल्या त्या पायऱ्यांना शिव्या घालत. घड्याळजी उठून गेले आणि त्यांनी बाईंच्या हातातली बादली घेतली.

"आज काय सूर्य पश्चिमेला?" बाई म्हणाल्या.

"तुझा गुडघा दुखतो ना गं."

"तो दहा वर्षं दुखतोय. आज कळलं?"

घड्याळजींच्या जिवात जीव आला. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण दोष गेला असं कधी म्हणायचं? मुद्दाम परत आणून दाखवता आला, आणि मग पुन्हा घालवता आला, तरच. नाही तर गिऱ्हाईक आठ दिवसांनी दारात उभं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी जड हाताने पुन्हा सत्तेचाळीस लावले. आपण बायकोवर प्रयोग करतो आहोत ही टोचणी होतीच, पण खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

पहिली फेरी संपायला मिनिटभर उरलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी, पडद्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. आपण जागेवर नसलो तर बाई काय करतात, एवढंच पाहायचं होतं.

बाई आल्या. चिमटा काढला, हात पुसला. खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "वरच्या दोरीवर कबुतर बसलंय. हाकललं तरी हलत नाही."

खुर्ची रिकामी होती. बाई थांबल्या. त्यांची नजर खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती, आणि कोणाचं तरी बोलणं ऐकताना हलतात तशा पापण्या हलल्या. मग त्या हसल्या, मनापासून, त्या दिवशी हसल्या होत्या तशाच. घड्याळजींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वळल्या आणि गेल्या.

खुर्चीची गादी हळूहळू वर आली. घड्याळजी तिच्यावरून मिनिटभरापूर्वी उठले होते, तेव्हा ती वर येणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एवढा वेळ लागतो का गादीला, हे त्यांनी विचारलं नाही.

५

त्यांनी मशीन बंद केलं, वायर उपसली आणि पेटीचं झाकण काढलं. आत एका कोपऱ्यात बटणाएवढी चपटी बॅटरी होती, सेटिंग लक्षात ठेवण्यासाठी. अशा बॅटऱ्या त्यांनी आयुष्यात हजारो बदलल्या होत्या. ती काढली की मशीन सगळं विसरतं, लेकीनेच सांगितलं होतं. खिशातला चिमटा लावून त्यांनी ती अलगद उचलली आणि टेबलावर ठेवली.

मशीन आता कारखान्यातून निघालं तसं झालं असेल. घरी आलं तसं झालं का, ते मात्र सांगता येत नव्हतं. वहीतल्या त्या पहिल्या ओळीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस सोन्यासारखे गेले. घड्याळजींनी टेबलाशी बसणंच सोडलं. सकाळी बाजारात जायचं, भाजी आणायची, बाईंबरोबर ती निवडायची. बाई आधी संशयाने बघत होत्या, मग सरावल्या, मग हुकूम सोडू लागल्या. देठं लांब ठेवता, मटार कमी आणि सालं जास्त, असले शेरे मिळत होते आणि घड्याळजी ते आनंदाने ऐकत होते. एकही वाक्य दुसऱ्यांदा आलं नाही.

सातव्या दिवशी ते अकराच्या सुमाराला पिशवी घेऊन परतले. बाई स्वयंपाकघरात कॅलेंडरपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चाहूल लागताच त्यांनी हातातली पेन्सिल लपवली. छत्तीस वर्षं मुलांच्या लपवलेल्या वस्तू पकडणाऱ्या बाईला स्वतःला मात्र लपवता येत नव्हतं.

"काय आहे?"

"काही नाही."

घड्याळजींनी जवळ जाऊन पाहिलं. कॅलेंडरच्या चौकोनांत बारीक टिंबं होती. काही दिवशी तीन, काही दिवशी पाच. सेहेचाळीसच्या दिवसापासून सुरुवात.

"ही माझी टिंबं तू का काढतेस?" ते म्हणाले.

बाई खुर्चीवर बसल्या. "तुम्हाला सांगायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. ताईसारखं काही असेल तर... तुम्ही टेबलाशी बसून एकटेच बोलायचात हो. मी दारावरून जाताना पाहायचे. रिकाम्या दाराकडे तोंड करून म्हणायचात, 'बसू दे, चिमटे कमी पडत होतेच.' आणि हसायचात. दर वेळी अगदी तस्संच. मला वाटलं, गेलं. हेही गेले ताईच्या वाटेने."

घड्याळजी पिशवी पायाशी ठेवून समोर बसले. मग त्यांनी वही आणून बाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मशीन, फेऱ्या, एकवीस मिनिटं, खिडकीचा पडदा. बाईंनी टिंबं टिंबांशी ताडून पाहिली, पेपर तपासावा तशी. वहीतली सगळी जुळली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, आणि आधी बाईंना हसू फुटलं, मग त्यांना.

"म्हणजे मी तुमच्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते..."

"...आणि मी तुझ्यासाठी."

"आपल्याला काही झालेलं नाही ना हो?"

"काही नाही. चाकाचा दात होता. काढून टाकला परवाच."

बाईंनी डोळे पुसले. मग त्यांचं बोट कॅलेंडरवर थबकलं. "परवा म्हणजे कधी?"

"बॅटरी काढली त्याला आज सात दिवस झाले."

"मग ही कुठली?" त्या म्हणाल्या. गेल्या सातही चौकोनांत टिंबं होती. "काल चार. आज सकाळपासून दोन. मी आत जाऊन पाहिलं नाही, रोज पाहायचं तरी काय. इथूनच ऐकलं, वाटलं अजून बाजाराला निघाला नाहीत. तुम्ही टेबलाशी बसून बोललात."

"आज सकाळी मी घरात नव्हतो गं," घड्याळजी म्हणाले. बाजाराची पिशवी अजून त्यांच्या पायाशीच होती.

६

नळातून एक थेंब पडला. भिंतीवरचं घड्याळ साडेअकराकडे सरकत होतं, आणि घड्याळजींना त्याची प्रत्येक टिकटिक वेगळी ऐकू येत होती.

"वाऱ्याने दार वाजतं कधी कधी," त्यांच्यातल्या शहाण्या माणसाने तोंड उघडलं.

"वारा चिमट्याबद्दल बोलतो का?" बाई म्हणाल्या. मग त्या उठल्या, कारण बसून राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "मी चहा टाकते." त्यांनी दोन कप काढून ओट्यावर ठेवले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पंख्याची घरघर आली. बारीक, एकसुरी. मशीनची वायर उपसलेली होती. ती गुंडाळून त्यांनी स्वतः खणात ठेवली होती.

स्वयंपाकघराच्या दारातून बोळ दिसतो, आणि बोळाच्या टोकाला बाहेरच्या खोलीची एक फट. त्या फटीत टेबलाचा पाय आणि खुर्चीचा कोपरा एवढंच येतं. घड्याळजींनी तिकडे पाहिलं. खुर्चीच्या कोपऱ्याशी एक पाऊल होतं. अंगठ्यावर चप्पल लोंबकळत होती, आणि ती झुलत होती.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही पायांत दोन्ही चपला होत्या.

"वरच्या दोरीवर कबुतर बसलंय," बाहेरच्या खोलीत बाईंचा आवाज म्हणाला. "हाकललं तरी हलत नाही."

"बसू दे. चिमटे कमी पडत होतेच."

मग ते हसणं. दोघांचं. आपलंच हसणं बाहेरून कसं ऐकू येतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. इतकं भरलेलं, निवांत हसणं होतं ते, की शेजारी उभ्या असलेल्या बाई घड्याळजींचा हात धरून स्वतःही नकळत हसल्या, आणि त्यांच्या गालावर पाणी होतं.

"किती बरं वाटत होतं नाही, त्या दिवशी?" त्या म्हणाल्या.

"हो गं. फार."

फेरी दर वेळी इथेच संपायची. घड्याळजींनी सवयीने वेळ पाहिली. पण चप्पल अजून झुलत होती, आणि पंखा चालूच होता.

"स्वयंपाकघरात कोणी बोलतंय का हो?" बाहेरून बाईंचा आवाज आला.

"कोणी नाही. मशीनचा पंखा आहे तो."

"नाही हो. दोन माणसं. हळू बोलतायत."

घड्याळजी काही बोलायला गेले, तर बाईंनी त्यांच्या ओठांवर हात ठेवला. "गप्प," त्या त्यांच्या कानाशी पुटपुटल्या. "मी फार घाबरले होते हो त्या दिवशी. आता नको तिला आणखी घाबरवायला."

खुर्ची करकरली. झुलणारी चप्पल जमिनीला टेकली. मग दोन्ही चपला फटफटत बोळातून इकडे येऊ लागल्या, ज्या चालीने घड्याळजी चाळीस वर्षं चालत आले होते, त्याच चालीने, घाई न करता.

घड्याळजींनी बाईंचा हात घट्ट धरला. त्यांना नीट आठवत होतं. त्या दिवशी त्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं, तेव्हा ओट्यावर दोन कप होते, मागचं दार आतून बंद होतं, आणि स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.